सिनेमातली हिंसा ‘खरी’ वाटते, पण ती खरी असते का? ‘शोले’पासून बीडच्या व्हायरल फोटोंपर्यंत, समजून घ्या सोप्या भाषेत

३ मार्च २०२५ च्या संध्याकाळी महाराष्ट्रातल्या लाखो मोबाईलवर काही फोटो येऊन धडकले. बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात मस्साजोग नावाचं गाव आहे. तिथले सरपंच संतोष देशमुख यांचं ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण झालं आणि नंतर त्यांची हत्या झाली. या प्रकरणाच्या आरोपपत्रातले ते फोटो होते. त्यांना मारहाण होत असतानाच कुणीतरी ते मोबाईलवर टिपले होते.

दुसऱ्या दिवशी, ४ मार्चला, जिल्ह्यातले मंत्री धनंजय मुंडे यांनी राजीनामा दिला. बीडमध्ये आणि राज्यात ठिकठिकाणी संताप उसळला. खटला न्यायालयात आहे, त्यामुळे कुणी काय केलं हे न्यायालय ठरवेल.

पण ते फोटो पाहिल्यावर अनेकांच्या तोंडून एकच वाक्य निघालं, ‘हे तर सिनेमात पण बघवत नाही.’

या वाक्यात एक मोठा प्रश्न दडलाय. रक्त, गोळीबार, कोयते आणि हाडं मोडल्याचे आवाज आपण पडद्यावर वर्षानुवर्षं बघतोय. हल्ली तर ‘एकदम रिअल ॲक्शन’ हीच सिनेमाची जाहिरात असते. मग खरी हिंसा समोर आली की ती इतकी वेगळी का वाटते? सिनेमातलं ‘रिअल’ म्हणजे नेमकं काय? आणि सिनेमा बघून लोक हिंसक होतात का? एकेक मुद्दा बघू.

वेस्टर्न सिनेमा म्हणजे काय?

टोपी घातलेला घोडेस्वार, कमरेला रिव्हॉल्वर, धुळीचा रस्ता आणि समोरासमोर उभे ठाकलेले दोघं. अमेरिकेच्या पश्चिम भागात १९ व्या शतकात घडणाऱ्या अशा गोष्टींच्या सिनेमांना ‘वेस्टर्न’ म्हणतात. आज आपण जो ॲक्शन सिनेमा बघतो त्यातल्या बऱ्याच गोष्टी तिथून आल्यात. कायदा नसलेलं गाव, दहशत माजवणारी टोळी, घाबरलेले गावकरी आणि बंदूक घेऊन न्याय करणारा एकटा हिरो.

खरं वेस्ट असं होतं का? त्या काळातल्या सगळ्यात गाजलेल्या चकमकीचं उदाहरण घ्या. २६ ऑक्टोबर १८८१ रोजी ॲरिझोनातल्या टूमस्टोन गावात ‘ओ. के. कोरल’ची चकमक झाली. तिच्यावर कितीतरी सिनेमे निघाले आणि पडद्यावर ती मिनिटंच्या मिनिटं चालते. प्रत्यक्षात ती साधारण ३० सेकंदांत संपली. त्यात तिघं मेले.

आणि भांडणाचं तात्कालिक निमित्त काय होतं? गावात शस्त्र घेऊन फिरायला बंदी होती. ज्यांच्याकडे शस्त्रं होती त्यांची ती काढून घ्यायला वायट अर्प आणि त्याचे साथीदार गेले होते. म्हणजे ज्या वेस्टमध्ये प्रत्येकाच्या कमरेला बंदूक असते असं सिनेमा सांगतो, तिथल्या गावांत बंदुकीवर बंदी घालणारे नियम होते.

पडद्यावर रक्त कधी दिसायला लागलं?

जुन्या हॉलिवूडपटात गोळी लागली की माणूस छाती धरून खाली पडायचा. रक्त फारसं दिसायचं नाही. याचं कारण होतं ‘हेज कोड’ ही हॉलिवूडनं स्वतःवर घालून घेतलेली आचारसंहिता. १९३४ पासून ती कडकपणे पाळली जायची. १९६८ मध्ये ती गेली आणि तिच्या जागी वयानुसार वर्गीकरण आलं.

कोड सैल होत होता तेव्हाच चित्र बदलायला लागलं. आर्थर पेन यांच्या ‘बॉनी अँड क्लाइड’ (१९६७) च्या शेवटी नायक-नायिकेवर गोळ्यांचा वर्षाव होतो. तो प्रसंग वेगवेगळ्या वेगानं चालणाऱ्या अनेक कॅमेऱ्यांनी टिपला होता. दोन वर्षांनी सॅम पेकिनपा यांचा ‘द वाइल्ड बंच’ (१९६९) हा वेस्टर्न आला. त्यात रक्ताचे फवारे होते आणि माणसं स्लो मोशनमध्ये कोसळत होती.

तेव्हा व्हिएतनाम युद्धाची दृश्यं अमेरिकी घरांत रोज टीव्हीवर दिसायची. गोळी लागून माणूस मरतो तेव्हा ते साफसुथरं नसतं, हे पेकिनपा यांना दाखवायचं होतं. पण झालं वेगळंच. धक्का देण्यासाठी वापरलेला स्लो मोशन पुढे ॲक्शन सिनेमाची शोभा झाला. आज हिरोच्या एंट्रीला जे स्लो मोशन लागतं आणि थिएटरमध्ये शिट्ट्या पडतात, त्याचं मूळ शोधत गेलात तर इथेही पोचाल.

‘रिअल’ हाणामारी शूट कशी होते?

सिनेमातला ठोसा सहसा लागत नाही. तो चेहऱ्याच्या पुढून जातो. कॅमेरा अशा कोनात ठेवलेला असतो की मधलं अंतर दिसत नाही. मार खाणारा वेळ साधून मान झटकतो. आवाज नंतर स्टुडिओत भरतात. आपला लाडका ‘ढिशूम’ तिथे तयार होतो. खऱ्या ठोशाचा आवाज त्या मानानं फारच फिका असतो.

गोळी लागल्याचा परिणाम ‘स्क्विब’नं साधतात. कपड्याखाली छोटासा स्फोटक आणि नकली रक्ताची पिशवी लावलेली असते. बटण दाबलं की कपडा फाटतो आणि रक्त उडतं. हे रक्त बहुतेक वेळा कॉर्न सिरप आणि खायच्या रंगाचं असतं. फुटणारी काच पूर्वी साखरेची असायची, आता ती ठिसूळ रेझिनची असते. आता तर बरंचसं रक्त कॉम्प्युटरवरच टाकतात.

सगळं इतकं नकली असलं तरी सेटवर माणसं खरंच जखमी होतात आणि मरतातही. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी ‘रस्ट’ या वेस्टर्न सिनेमाच्या सेटवर ॲलेक बाल्डविन यांच्या हातातल्या रिव्हॉल्वरमधून खरी गोळी सुटली आणि सिनेमॅटोग्राफर हॅलिना हचिन्स यांचा मृत्यू झाला. शस्त्रांची जबाबदारी असलेल्या तंत्रज्ञ महिलेला पुढे १८ महिन्यांची शिक्षा झाली.

आपल्याकडचं उदाहरण तर सगळ्यांना माहीत आहे. जुलै १९८२ मध्ये बंगळुरूत ‘कुली’चं शूटिंग चालू होतं. पुनीत इस्सर यांच्याबरोबरच्या मारामारीच्या सीनमध्ये अमिताभ बच्चन यांना पोटात गंभीर इजा झाली आणि ते मृत्यूच्या दारात जाऊन आले. सिनेमा १९८३ मध्ये आला तेव्हा तो शॉट त्यात ठेवला होता. पण नेमक्या त्या क्षणी चित्र थांबवून ‘याच वेळी दुखापत झाली’ अशी पाटी दाखवली.

ती पाटी का लागली असेल? कारण पाटीशिवाय प्रेक्षकाला कळलंच नसतं. त्याच मारामारीतले नकली ठोसे जास्त जोरदार वाटतात आणि खरी इजा झालेला क्षण साधा दिसतो. म्हणजे एखादी हिंसा ‘रिअल’ दिसते यावरून ती खऱ्यासारखी आहे की नाही हे ठरत नाही.

सिनेमा नेमकं काय चुकीचं दाखवतो?

एक, गोळी लागल्यावर माणूस मागे उडत नाही. गोळीत तेवढा जोर असता तर बंदूक चालवणाराही तितकाच मागे उडाला असता.

दोन, ‘फक्त खांद्याला लागली’ ही किरकोळ जखम नसते. खांद्याजवळून हाताकडे मोठी रक्तवाहिनी आणि मज्जातंतूंचं जाळं जातं. तिथली गोळी जीव घेऊ शकते किंवा हात कायमचा निकामी करू शकते.

तीन, डोक्यात फटका बसून अर्धा तास बेशुद्ध पडलेला हिरो उठून पुन्हा पळत सुटतो. प्रत्यक्षात काही मिनिटांपेक्षा जास्त बेशुद्ध राहणं हे मेंदूला मार लागल्याचं लक्षण असतं आणि तातडीनं दवाखाना गाठावा लागतो.

चार, सायलेन्सर लावला की फक्त ‘फट्’ असा आवाज येतो, हेही खोटं. आवाज कमी होतो, पण तरी तो मोठाच राहतो.

आणि सगळ्यात महत्त्वाची चूक पाचवी. सिनेमात मारामारी संपली की सीन संपतो. खऱ्या आयुष्यात गोष्ट तिथून सुरू होते. दवाखान्याचं बिल, पोस्टमार्टेम, पोलीस ठाण्याच्या चकरा, जबाब, तारखा, जामीन, घरात न थांबणारं रडणं, मुलांची शाळा. हा भाग पडद्यावर क्वचितच येतो.

येतो तेव्हा मात्र तो लक्षात राहतो. क्लिंट ईस्टवूड यांच्या ‘अनफरगिव्हन’ (१९९२) या वेस्टर्नमध्ये पोटात गोळी लागलेला एक तरुण लगेच मरत नाही. तो बराच वेळ विव्हळत राहतो आणि पाणी मागतो. गोळी झाडणाऱ्यालाच ते ऐकवत नाही. या सीनमध्ये रक्त फारसं नाही. तरीही तो अंगावर येतो, कारण मरायला वेळ लागतो हे तो दाखवतो. या सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह चार ऑस्कर मिळाले.

‘शोले’चा शेवट कुणी बदलला?

वेस्टर्न आपल्याकडे आला तो जग फिरून. अकिरा कुरोसावा यांच्या ‘योजिम्बो’ (१९६१) या जपानी सिनेमावरून सर्जिओ लिओनी यांनी इटलीत ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ (१९६४) केला. अशा इटालियन वेस्टर्नना ‘स्पॅगेटी वेस्टर्न’ म्हणतात. त्यांच्याच वळणावर गेलेल्या ‘शोले’ला मग ‘करी वेस्टर्न’ असं नाव पडलं. गाव रामगड, शूटिंग कर्नाटकातल्या रामनगरजवळ. रेल्वेतली मारामारी मात्र आपल्या पनवेलजवळची.

‘शोले’ आला १५ ऑगस्ट १९७५ ला, म्हणजे आणीबाणीत. मूळ शेवटी ठाकूर खिळे लावलेल्या बुटांनी गब्बरला ठार मारतो. सेन्सॉरला ते मान्य झालं नाही. माजी पोलीस अधिकाऱ्यानं कायदा हातात घेतलेला दाखवणं चालणार नव्हतं. मग ऐनवेळी पोलीस येतात आणि गब्बरला अटक होते, असा शेवट नव्यानं शूट झाला. सिनेमाला ५० वर्षं झाली तेव्हा, २०२५ मध्ये, मूळ शेवट असलेली आवृत्ती इटलीतल्या बोलोन्याच्या महोत्सवात दाखवण्यात आली.

आता एक गंमत बघा. ‘शोले’तली सगळ्यात क्रूर घटना म्हणजे ठाकूरचे हात तोडणं. ते आपल्याला दिसतच नाही. गब्बर तलवारी उचलतो, मग वाऱ्यानं शाल उडते आणि रिकाम्या बाह्या दिसतात. तरीही पन्नास वर्षांनंतर तो सीन कुणी विसरलेलं नाही.

सेन्सॉरचा नियम काय सांगतो?

सिनेमॅटोग्राफ कायदा १९५२ चा आहे. त्याखालची मार्गदर्शक तत्त्वं १९९१ ची. त्यांचा अर्थ साध्या शब्दांत असा : निरर्थक, टाळता येण्याजोगी किंवा मुख्यतः करमणुकीसाठी घातलेली हिंसा नको आणि माणसाची संवेदना बोथट करणारी दृश्यं नकोत.

पण हिंसा दाखवायचीच नाही असा याचा अर्थ होत नाही. फूलनदेवींच्या आयुष्यावरच्या ‘बँडिट क्वीन’चं प्रकरण १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलं. अत्याचाराची दृश्यं सुटी न बघता पूर्ण सिनेमाच्या संदर्भात बघा, त्यांचा हेतू किळस आणि चीड आणण्याचा आहे, असं म्हणत न्यायालयानं सिनेमाचं ‘ए’ प्रमाणपत्र कायम ठेवलं.

२०२३ च्या दुरुस्तीनंतर ‘यूए’ प्रमाणपत्राचे तीन भाग झाले : ७ वर्षांवरील, १३ वर्षांवरील आणि १६ वर्षांवरील. ओटीटीवरही २०२१ च्या नियमांनुसार असंच वर्गीकरण दाखवावं लागतं. रीलला मात्र असं काहीच नाही. तिथे कुणी बघून प्रमाणपत्र देत नाही.

मराठीत काय झालं?

‘खऱ्या’ हिंसेचं मराठीतलं सगळ्यात ठळक उदाहरण कुठलं, तर नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’चा (२०१६) शेवट. त्यात वार दिसत नाही, किंकाळी ऐकू येत नाही, पार्श्वसंगीत नाही. दिसतं ते बाहेरून घरी आलेलं लहान मूल आणि त्याच्या पावलांचे लाल ठसे. थिएटरमधून लोक गप्प होऊन बाहेर पडले. तिथे कुणी शिट्टी मारली नाही, कारण मारणाऱ्यांचा पराक्रम बघायला मिळालाच नव्हता. मागे काय उरलं एवढंच दिसलं होतं.

दुसरं उदाहरण एका वस्तूचं आहे. कोयता. प्रवीण तरडे यांच्या ‘मुळशी पॅटर्न’ (२०१८) सारख्या सिनेमांतून आणि पुण्यातल्या ‘कोयता गँग’च्या बातम्यांमधून हा शब्द आता दहशतीशी जोडला गेलाय. पण बीडमध्ये कोयत्याचा अर्थ विचारा. इथून दरवर्षी लाखो ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. त्यांच्या भाषेत ‘एक कोयता’ म्हणजे ऊस तोडणारं नवरा-बायकोचं जोडपं. मुकादम उचल देतो ती कोयत्याच्या हिशोबानं. ज्या जिल्ह्यात कोयता म्हणजे पोटापाण्याचं साधन आहे, तिथल्या पोराला मोबाईलवर तोच कोयता फक्त हत्यार म्हणून दिसतो.

सिनेमा बघून लोक हिंसक होतात का?

याचं एका शब्दात उत्तर नाही. तीन अभ्यास बघू.

पहिला अल्बर्ट बंडुरा यांचा. १९६१ पासून स्टॅनफर्डमध्ये त्यांनी लहान मुलांवर प्रयोग केले. मोठ्या माणसाला एका बाहुलीला बडवताना पाहिलेल्या मुलांनी तसंच केलं. पण १९६५ च्या प्रयोगात एक महत्त्वाची गोष्ट दिसली. बडवणाऱ्याला शिक्षा होताना ज्या मुलांनी पाहिलं, त्यांनी नक्कल कमी केली. म्हणजे हिंसेनंतर काय घडतं हे दाखवण्यानं फरक पडतो.

दुसरा अभ्यास २००९ चा. गॉर्डन डाल आणि स्टेफानो डेलाविन्या या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतली आकडेवारी तपासली. हिंसक सिनेमे जोरात चालतात त्या दिवशी मारहाणीचे गुन्हे वाढत नाहीत, उलट थोडे कमी होतात असं त्यांना आढळलं. मुख्य कारण अगदी साधं. भांडण करू शकणारी तरुण पोरं त्या वेळी थिएटरमध्ये बसलेली असतात. अर्थात हा परिणाम त्या दिवसापुरता मोजलेला आहे. वर्षानुवर्षं बघण्याचा परिणाम यात येत नाही.

तिसरा मुद्दा जॉर्ज गर्बनर यांचा. खूप टीव्ही बघणाऱ्या लोकांना जग आहे त्यापेक्षा जास्त धोकादायक वाटायला लागतं, असं त्यांनी मांडलं. हे बीडच्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. परळीचं वैजनाथ, अंबाजोगाई, ऊसतोड मजुरांचे कष्ट हे सगळं बाजूला राहतं आणि बाहेर कुठे ‘बीडचा’ असं सांगितलं की समोरचा वेगळ्याच नजरेनं बघतो.

म्हणून ‘सिनेमानं पोरं बिघडवली’ हे उत्तर सोपं आहे, पण अपुरं आहे. खंडणी, राजकीय वरदहस्त, बेरोजगारी, तपासातली ढिलाई हे प्रश्न सिनेमानं निर्माण केलेले नाहीत. सिनेमा त्याला रूप देतो. गॉगल, गाडी, बंदूक, मागे गाणं.

मग रील आणि बंदुकीचं काय?

देशमुख हत्येनंतर बीडमध्ये शस्त्र परवान्यांचा विषय पेटला. प्रशासनानं शंभराहून अधिक परवाने रद्द केले. शस्त्रासोबतचे फोटो आणि व्हिडिओ टाकणाऱ्यांवर पोलिसांनी गुन्हे नोंदवले. टूमस्टोनसारखंच इथेही कायद्याचं पहिलं काम हेच होतं : लोकांच्या कमरेची बंदूक काढणं.

कायदा माहीत असू द्या. शस्त्र कायदा १९५९ नुसार परवान्याशिवाय बंदूक बाळगणं गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर लग्नात, मिरवणुकीत हवेत गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घातला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. परवानाधारकाला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात, पूर्वी ही मर्यादा तीन होती.

खऱ्या हिंसेचा व्हिडिओ तुमच्या मोबाईलवर आला तर?

पुढे पाठवू नका. त्यात दिसणाऱ्या माणसाचं घर आहे, आणि तोच व्हिडिओ त्या घरातल्या मोबाईलवरही पोचतो.

त्यावर गाणं, डायलॉग किंवा स्लो मोशन टाकू नका. निषेधासाठी केलं तरी परिणाम उलटा होतो. सिनेमाची सजावट चढली की खरी माणसंही पात्रं वाटायला लागतात, आणि मारणारा त्यातला हिरो दिसू शकतो.

तुम्ही स्वतः घटना पाहिली असेल तर आधी ११२ वर फोन करा. तुमच्याकडे मूळ चित्रीकरण असेल तर ते कापू नका, एडिट करू नका, मूळ फाईल आणि तो मोबाईल जपून ठेवा आणि पोलिसांना द्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून चालते, पण त्यासाठी कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. चार ग्रुपमधून फिरून आलेल्या क्लिपपेक्षा मूळ फाईल न्यायालयात जास्त उपयोगी पडते.

ॲप्सवर अशा पोस्टसाठी ‘रिपोर्ट’चा पर्याय असतो, तो वापरा. आणि घरात लहान मुलं असतील तर ग्रुपवरचे व्हिडिओ आपोआप डाउनलोड होण्याची सेटिंग आजच बंद करा.

थोडक्यात

ॲक्शन सिनेमा बघण्यात काही गैर नाही. फाइट मास्टर, स्टंटमन आणि एडिटर यांच्या मेहनतीचं ते काम आहे आणि त्याची मजा जरूर घ्या. फक्त ‘एकदम रिअल’ असं कुणी म्हटलं की एक प्रश्न विचारून बघा : मार खाणाऱ्याचं पुढे काय झालं, हे यात दाखवलंय का? दाखवलं असेल तर तो सिनेमा खऱ्याच्या थोडा जवळ गेला. नसेल तर ते फक्त कॉर्न सिरप आहे.

आणि मोबाईलवर आलेल्या क्लिपमध्ये रक्त कमी दिसतंय, आवाज फिका आहे, कॅमेरा हलतोय, मारणारे हसतायत असं असेल, तर ‘हे खोटं वाटतंय’ म्हणून पुढे ढकलू नका. खरी हिंसा बहुतेक वेळा अशीच दिसते.